काय सोडून आलात?

सरांना घरच्या कार्याला बोलवायचं म्हणजे डोक्याला ताप. एक तर ते वेळेच्या आधी हजर. दुसरं म्हणजे वधूवरांना आशीर्वाद देण्याआधी ते पहिल्या रांगेतल्या एखाद्या काकांना गाठणार आणि विचारणार, "काय सोडून आलात?" काका गडबडायचे. मग सर त्यांना समजावून सांगायचे, की तुम्ही आत्ता या खुर्चीत बसलायत म्हणजे दुसरीकडे कुठेतरी नाही आहात. तर ते दुसरीकडचं काय होतं? झोप? क्रिकेटची मॅच? ज्याच्याशी बोलायचं राहून गेलंय असा एखादा भाऊ? इथे येण्याची खरी किंमत ती. रिक्षाचे पैसे ही काही किंमत नव्हे. काका बिचारे आइस्क्रीमच्या आशेने आलेले असायचे. त्यांना हा हिशोब कुठून झेपणार?

आयुष्यभर त्यांनी एका कॉमर्स कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं आणि रिटायर झाल्यावर ते थांबवायचं विसरले. शिवाजी पार्कच्या मागच्या एका जुन्या बिल्डिंगीत पहिल्या माळ्यावर राहायचे. खाली त्यांचं गॅरेज होतं. गाडी त्यांनी केव्हाच विकली होती, कारण त्यांच्या मते ती त्यांना फिरवण्यापेक्षा त्यांच्या पैशावर उभी राहायची. ते रिकामं गॅरेज आम्ही भाड्याने घेतलं. म्हणजे मी त्यांची विद्यार्थिनी नव्हे, भाडेकरू. पण सरांच्या आसपास राहणारा माणूस कितीही चुकवलं तरी शिकायचाच. दूधवाल्यालासुद्धा मागणी-पुरवठा पाठ होता.

आम्ही नायगावच्या बीडीडी चाळीतले. आईचं पोळी-भाजीचं काम तिथेच, आमच्या खोलीत नि खोलीबाहेरच्या पॅसेजमध्ये वाढलं. पॅसेजमध्ये कणकेची परात, पॅसेजमध्येच भाजी निवडायची, आणि गर्दीच्या दिवशी शेजारच्या चार बायका आपापलं लाटणं घेऊन बसायच्या. त्यांना कोणी पैसे दिले नाहीत, त्यांनी मागितले नाहीत. त्यांच्याकडे कार्य निघालं की आई जायची. मग पुनर्विकास आला, चाळ रिकामी झाली, आणि आम्ही ट्रान्झिट कॅम्पच्या इमारतीत पार वरच्या माळ्यावर. तिथे धंद्याचा सिलेंडर चालत नाही, पॅसेजमध्ये चप्पल ठेवली तरी नोटीस येते, आणि त्या चार बायका चार दिशांना. मी तेव्हा विम्याच्या एका ऑफिसात होते. नोकरी सोडली आणि आईला म्हटलं, आता हे नीट करू, दुकान टाकू. मी बी.कॉम. आहे. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे जे झालं ते मी बी.कॉम. असून झालं.

गॅरेज बघायला गेलो त्या दिवशी सरांनी आईला तोच प्रश्न टाकला. काय सोडून आलात?

"कायच नाय सर," आई म्हणाली. "रिकामीच होते."

रिकामी! पहाटेपासूनचे डबे भरून, कणीक मळून ओल्या फडक्याखाली ठेवून, दुखऱ्या खांद्याला मलम चोळून ती बसमध्ये चढली होती. सरांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, असं होत नाही. कोणीही काहीच न सोडता येत नाही. आई मला नंतर म्हणाली, माणूस बरा दिसतोय, पण जरा हललेला आहे.

भाड्यावरून माझं त्यांच्याशी पहिल्याच दिवशी वाजलं. मी म्हटलं, सर, नवीन सुरुवात आहे, पहिलं वर्ष थोडं कमी करा. एवढा शिकलेला माणूस, एका गाडीची खोली, नाहीतरी धूळ खात पडलेली. सर साफ नाही म्हणाले. म्हणाले, "भाडं कमी केलं तर तुझा धंदा चालतोय की माझी दया चालतेय, हे तुला कधीच कळणार नाही." मला इतका राग आला की मी जिन्यातच त्यांना खडूस म्हटलं, ऐकू जाईल एवढ्या आवाजात. दुसऱ्या दिवशीपासून खडूस माणसाने आमच्याकडे दोन वेळचा डबा लावला. आईने कौतुकाने पैसे कमी सांगितले, तर त्यांनी पाटीवरचा भाव वाचून पूर्ण दिले.

आम्ही सामान लावलं तेव्हा आईने सगळ्यांत आधी भिंतीवर फोटो लावला. आमच्याकडच्या घराघरात असतो तो, निळा कोट, हातात पुस्तक. सर खाली आले, फोटोसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "हे मुळात आमच्या विषयातले. रुपयावर यांनी काय लिहून ठेवलंय ते लोक वाचत नाहीत, नुसता हार घालतात." आईने पदराने फोटोची काच परत एकदा पुसली. त्या दिवसापासून सर हललेले राहिले नाहीत, फक्त सर झाले.

त्यांच्या सवयी सांगायला बसले तर संध्याकाळ होईल. नाटक आवडलं नाही की ते मध्यंतरात उठून घरी. तिकिटाचे पैसे तर गेलेच, आता संध्याकाळ कशाला घालवू, असं म्हणायचे. वडा बेचव निघाला की अर्धा टाकून द्यायचे. यावर आईचं आणि त्यांचं जुंपायचं. आमच्या घरात अन्न टाकणं म्हणजे पाप. सर म्हणायचे, तो पोटात गेला काय नि टोपलीत गेला काय, पैसे परत येत नाहीत. उलट पोट बिघडलं तर औषधाचे वेगळे. आई म्हणायची, आणि ज्याने उन्हात उभं राहून तळला त्याचं काय? सर म्हणायचे, त्याला त्याचे मिळाले. आई म्हणायची, नुसते पैसे मिळाले. हा वाद कधी मिटला नाही. फक्त पुढे सर अर्धा वडा टाकण्याऐवजी अर्धाच मागायला लागले, आणि वडेवाल्याने त्यांना हाकलून दिलं.

सरांना सगळं कळत होतं असंही नाही. एकदा त्यांनी पंख्यांच्या कंपनीचे शेअर घेतले, उन्हाळा जवळ आला होता म्हणून. ते पडले. सर स्वतःच हसत सगळ्यांना सांगायचे, "उन्हाळा येणार हे मला एकट्यालाच माहीत आहे असं मला वाटलं होतं." तेव्हापासून कोणी टिप मागितली की ते म्हणायचे, शेअरबाजार मला कळत नाही, एवढं मला कळलंय, आणि त्याची फी मी भरलेली आहे.

सकाळची गर्दी टाळायला ते अकराला पार्काला फेऱ्या मारायचे, डॉक्टरांनी सांगितल्या होत्या म्हणून. चालताना थांबायचे नाहीत, कोणी कितीही मोठा भेटो. कट्ट्यावरच्या ओळखीच्या माणसाला प्रश्न टाकून पुढे जायचे आणि उत्तर पुढच्या फेरीला घ्यायचे. मधल्या वेळात तो माणूस विचार करत बसायचा. काही जण तेवढ्यात पळ काढायचे.

आम्ही तिथे जाऊन काही महिने झाले असतील, तेव्हा सरांच्या पत्नी गेल्या. बऱ्याच दिवसांच्या आजारी होत्या. लोक भेटायला यायला लागले, आम्ही खालून चहा पाठवत होतो. मी ट्रे घेऊन वर गेले, तर सर दारात उभे, आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारतायत, काय सोडून आलात? मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. एक गृहस्थ तर तोंडावर म्हणाले, अहो, निदान आज तरी. पण बाकीचे सांगत होते. कोणी ऑफिसचं ऑडिट सोडून आला होता, एक बाई गॅसवर दूध ठेवून तशीच निघाली होती, मागच्या गल्लीतला केशकर्तनवाला गिऱ्हाईकाची अर्धी दाढी ठेवून आला होता. सर मान हलवून ऐकत होते. पुढे कधीतरी मी धीर करून विचारलं, सर, त्या दिवशी तरी कशाला? ते म्हणाले, "तिच्यासाठी लोकांनी काय काय सोडलं, ते मला कळायला हवं होतं." एवढं बोलून ते डब्यातल्या आमटीकडे बघत बसले. त्यानंतर मी त्यांच्या प्रश्नाला कधी हसले नाही.

आणि मग ते टॉवरचं प्रकरण.

लोअर परळच्या एका टॉवरमधल्या ऑफिसात रोजचे जेवणाचे डबे हवे होते. माझ्या जुन्या नोकरीतल्या मैत्रिणीने आमचं नाव सुचवलं. भाव ते आमच्यापेक्षा कमी देणार होते, पण डबे किती! आमच्या धंद्याच्या दुप्पट-तिप्पट एका फटक्यात. मी उडालेच. कारण खरं सांगायचं तर गॅरेजचं भाडं भरता भरता आमच्या नाकी नऊ आले होते, आणि हे नाही जमलं तर मला परत नोकरी शोधावी लागणार होती. दुसरीकडे आईचा खांदा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, लाटणं कमी करा नाहीतर हात वर उचलणार नाही. मी आईला म्हटलं, एक वर्ष दम धर, मग माणसं ठेवू. आई म्हणाली, मला काय धाड भरलीय, घे तू.

मी मोबाइलवर हिशोब करून सरांना दाखवायला वर गेले. पीठ, तेल, भाजी, गॅस, भाडं, टेम्पो. सगळं वजा जाऊन नफा उरत होता. सरांनी शांतपणे वाचलं आणि विचारलं, यात आई कुठे आहे?

"आई कुठे खर्चात येते, सर? ती घरचीच आहे."

"परत म्हण," सर म्हणाले.

मी परत म्हटलं. वर थोडी चिडलेही. आमच्यात असं आईला पगार वगैरे देत नाहीत, असं काहीतरी बोलले. सर म्हणाले, चाळीत तुमचा पॅसेज फुकट होता, शेजारणींचे हात फुकट होते, म्हणून तुमचा भाव बसत होता. चाळ पडली. भाव तोच राहिला. आता फुकटचं एकच माणूस उरलंय, आणि तू त्यावर टॉवर बांधायला निघालीस. मी मोबाइल उचलला आणि जिना उतरले. डोकं फिरलं होतं माझं. हे प्राध्यापक लोक, पेन्शन खाऊन दुसऱ्याच्या धंद्याला नाट लावणारे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई दूध आणायला बाहेर पडली ती हातात एक पुठ्ठा घेऊनच परत आली. बिल्डिंगीच्या गेटला लावलेला होता. जाड पेनाने लिहिलं होतं: 'पोळ्या-भाजी करायला बाई पाहिजे. पहाटे पाचला हजर. रविवार धरून सगळे दिवस काम. खांदा दुखला तरी सुट्टी नाही. जेवण उरलं तर. पगार नाही.'

"कुणाचा मेल्याचा चावटपणा हा?" आई तणतणत होती. "असल्या कामाला कोण मरायला येईल?"

सर स्टुलावर चहा पीत बसले होते. त्यांच्या बोटाला जाड पेनाची शाई लागलेली होती. मी दुधी चिरत होते, माझी सुरी थांबली. त्या पुठ्ठ्यावरची एकेक ओळ आईची होती आणि ती आईलाच दिसत नव्हती. मला दिसली, आणि मला माझीच लाज वाटली.

तेवढ्यात समोरच्या बिल्डिंगीत घरकाम करणारी एक बाई दारात आली. आईने काढून आणायच्या आधी तिने गेटवरची पाटी वाचली होती. म्हणाली, ते पगाराचं चुकून लिहिलंय ना? मला पोळ्या येतात चांगल्या, काम असलं तर सांगा. आई अजून तणतणतच होती. तिने विचारलं, तू काय घेशील? बाईने घाबरत घाबरत एक आकडा सांगितला. आईने कमरेवर हात ठेवला.

"पहाटेची येणार, ढीगभर पोळ्या लाटणार, नि एवढंच? कमी सांगतेस गं बाई."

 बोलता बोलता तिने हातातला पुठ्ठा परत वाचला, सावकाश, एकेक ओळ. मग पिठाच्या डब्यावर बसली. कामाच्या वेळेला बसलेली आई मी तोवर पाहिली नव्हती. बराच वेळ ती आपल्या उजव्या हाताकडे बघत होती. सरांनी कप विसळून ठेवला आणि वर निघून गेले.

दोन दिवस आईने सरांच्या डब्यात चटणी घातली नाही. तिसऱ्या दिवशी घातली.

मी आईचा पगार धरून, त्या बाईचाही धरून, नवा भाव काढला आणि टॉवरवाल्यांना कळवला. त्यांनी गोड आवाजात सांगितलं की एवढ्यात परवडत नाही, दुसरे तयार आहेत. झालं. संपलं. मी गॅरेजच्या पायरीवर बसून रडले, अगदी नाक ओढत. सर फिरून आले, माझ्याकडे पाहिलं, आणि धीर द्यायचं सोडून विचारलं, की त्या ऑर्डरसाठी तुला काय सोडावं लागलं असतं? मी म्हटलं, आईचा हात. म्हणाले, मग महाग होती. आणि पुढे म्हणाले, स्वस्तात जेवण देणारे मुंबईत पैशाला पासरी आहेत, त्यांच्याशी पळायला जाऊ नकोस. धोरण म्हणजे काय करायचं नाही ते आधी ठरवणं. तुझ्या आईशिवाय दुसऱ्या कोणाला जमत नाही असं काय आहे?

मला एका क्षणात उत्तर आलं. बुधवारी चाळीत आईचं सुकट व्हायचं, कांदा-टोमॅटो-कोकम घालून, सोबत तांदळाची भाकरी, आणि अख्ख्या माळ्यावर वास सुटायचा. तो माळा आता मुंबईभर पांगला होता, ऑफिसांत, ट्रान्झिटमध्ये, लांबच्या भाड्याच्या खोल्यांत, आणि कोणालाच तो वास घेता येत नव्हता. मी चाळीच्या जुन्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, बुधवारी सुकट-भाकरी, पूर्ण भावाने. दुपारपर्यंत फोन ठेवायला उसंत मिळाली नाही. एकाने तर विचारलं, मावशी त्यावर तेच तिखट घालणार ना, नाहीतर नको.

आता शिवाजी पार्कच्या त्या बिल्डिंगीत सुकट म्हणजे काय होणार, हे मला माहीत होतं. वरच्या माळ्यावरच्या काकू अगदी सोवळ्यातल्या. मी चिमणी बसवायची तयारी केली, माफीची भाषा पाठ केली. सर म्हणाले, आधी त्यांना विचार तर, त्यांना नेमका कशाचा त्रास होतो. विचारलं. काकू म्हणाल्या, वासाचं काही नाही गं, नाकाला सर्दी माझ्या बारमाही. पण पहाटे पाचला तो मिक्सर लावता ना, त्याने मी मरते. मिक्सर सातनंतर लावायचा ठरलं. वाटण आदल्या संध्याकाळी. आयुष्यभर मी ज्याची भीती धरली असती, ते दोन मिनिटांत मिटलं. चिमणी तरीही बसवली.

हळूहळू बसलं गाडं. श्रीमंत झालो नाही, पण भाडं वेळेवर जातं आणि मला नोकरीच्या जाहिराती बघाव्या लागत नाहीत. ती बाई आमच्याकडे कामाला आली, तिने आधी सांगितलेल्यापेक्षा जास्त पगारावर, कारण भाव आईने ठरवला होता. आईचाही पगार सुरू झाला. पहिला पगार हातात दिला तेव्हा ती म्हणाली, आपल्याच पैशाचं काय नाटक. मग पाकीट ब्लाउजमध्ये खोचलं आणि दिवसभर मधूनमधून चाचपत राहिली.

सर आता बंगळुरूला मुलीकडे असतात. गॅरेजचं भाडं दरवर्षी थोडं वाढवतात, बाजारभावाने, न चुकता. मी फोन केला की हॅलो न म्हणता विचारतात, काय सोडून फोन केलास? मी सांगते. खरं सांगते. कधी भाजी करपायला ठेवून, कधी झोप. त्यांना बरं वाटतं.

पण मला सर आठवतात ते आईच्या पहिल्या सुट्टीच्या दिवशीचे. आठवड्याची हक्काची सुट्टी, पगार न कापता. आई तरीही सवयीने गॅरेजवर आली. नव्या बाईने तिच्या हातातलं लाटणं काढून घेतलं आणि तिला चक्क बाहेर काढलं. तर ती पार्काच्या कट्ट्यावर जाऊन बसली. मैदान दोन मिनिटांवर, पण दिवसाउजेडी तिथे बसायला तिला कधी झालंच नव्हतं. फोन विसरली होती म्हणून मी मागून गेले. ती नेटमधली पोरं बघत होती, मांडीवर हात मोकळे टाकून. एवढ्यात सर आपल्या फेरीत समोरून आले आणि चालता चालताच विचारलं, "काय सोडून आलात?"

मला आईचं उत्तर पाठ होतं. कायच नाय. जन्मभर तेच.

"दोनशे पोळ्या सोडून आले, सर," आई म्हणाली.

सर पुढे गेले होते, दोन पावलं. ते थांबले. आईने पदर सावरला आणि त्यांना विचारलं, जे इतक्या वर्षांत त्यांना कोणीच विचारलं नव्हतं.

"आणि तुम्ही काय सोडलंत?"

सर गोंधळले. मैदानाकडे पाहिलं, आपल्या बुटांकडे पाहिलं.

"उरलेली फेरी," ते म्हणाले, आणि तिच्या शेजारी कट्ट्यावर बसले.